लसीची भीती, कुशीचा हक्क

नगर जिल्ह्यातील एका गावच्या बुद्धविहारात बैठक होती. विषय जयंतीच्या वर्गणीचा होता. वर्गणीचे बोलणे संपले, माणसे उठू लागली, तेव्हा मागे बसलेली एक आई पुढे आली आणि म्हणाली, "दादा, पोरींना कॅन्सरची लस द्यायची म्हणत्यात. माझी पोरगी बारा वर्षांची हाय. लस दिली तर पुढं तिला लेकरू होईल ना?" तिला कुणी उत्तर देण्याआधीच एक पदवीधर तरुण उभा राहिला. "ताई, अजिबात देऊ नका. कोरोनाच्या लसीपासूनच आपली संख्या घटवायचा डाव सुरू झालाय. आपल्या घराघरांत आता एक नाहीतर दोनच लेकरं दिसतात, ती उगीच का?" बऱ्याच माना डोलल्या.

त्या माना डोलल्या म्हणूनच आम्ही आज या विषयावर लिहीत आहोत. आईला अडाणी आणि तरुणाला मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते आम्ही करणार नाही. ज्या समाजाच्या देहावर शतकानुशतके दुसऱ्यांनी हुकूम चालवला, त्या समाजाने सरकारी सुईकडे संशयाने पाहिले तर त्यात नवल काय? प्रश्न विचारणे हा आमचा हक्कच आहे. पण त्या प्रश्नाचे उत्तर पुराव्याने शोधणे हे आमचे कर्तव्यही आहे. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही मान्य करू नका, स्वतः पडताळा. मोबाईलवर आलेला निरोप हाही ऐकीव गोष्टीतच मोडतो, हे आमच्या तरुणांनी विसरू नये.

आधी आईच्या प्रश्नाचे उत्तर. लसीने कूस बंद होते का? नाही. आणि हे उत्तर कुणा मंत्र्याने दिले म्हणून आम्ही देत नाही.

आपल्याच घरात पाहा. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आपल्या आई-आजीच्या दंडावर देवीच्या लसीचे व्रण आहेत. गावात देवी काढणारा आला की माणसे लेकरे लपवून ठेवीत; तेव्हाही नाना अफवा होत्याच. दंडावर ते व्रण असलेल्या बायांना मुले किती झाली? कुणाला पाच, कुणाला सात. १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. १९५१ साली ३६ कोटी असलेला भारत २०११ साली १२१ कोटींवर गेला. हा सारा काळ देवी, बीसीजी, त्रिगुणी, पोलिओ, गोवर या लसी गावोगाव पोहोचण्याचा काळ होता. लसीने वांझपण येत असते तर हा देश केव्हाच ओस पडला असता.

पोलिओचे उदाहरण तर कालपरवाचे. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि उत्तर प्रदेशातील मुस्लिम वस्त्यांत अफवा पसरली की या थेंबांनी मुले मोठेपणी नामर्द होतील. आयांनी दारे लावून घेतली. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले, बहुतेक उत्तर प्रदेशातले. लंगडी झालेली लेकरे कुणाची होती? अफवा पसरवणाऱ्यांची नव्हती. त्याच गरीब वस्त्यांतली होती. पुढे त्याच समाजातील इमाम, शिक्षक, डॉक्टर घरोघर गेले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात देशातील शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ज्यांनी ते थेंब घेतले ती मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. अफवेचे यापेक्षा मोठे खंडन कोणते हवे?

कोरोनाच्या लसीबद्दलची भीती कुठून आली, हेही समजून घेतले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये जर्मनीतील डॉ. वोल्फगांग वोडार्ग आणि फायझर कंपनीचे माजी अधिकारी मायकेल यीडन यांनी युरोपच्या औषध नियामकाकडे अर्ज केला. लसीमुळे विषाणूच्या काट्यावरील प्रथिनाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. गर्भाची वार घडवणारे एक प्रथिन त्याच्यासारखे असेल तर ती प्रतिपिंडे वारेवरही हल्ला करतील, अशी त्यांची शंका होती. शंका घेण्यात गैर काही नव्हते. पण पडताळणीत ती टिकली नाही, कारण दोन्ही प्रथिनांत तसे साम्यच नाही. आणि साधा विचार करा: तसे असते तर लस न घेता ज्यांना कोरोना झाला त्या बायांच्या शरीरातही तीच प्रतिपिंडे तयार झाली होती. त्यांनाही मूल व्हायला नको होते. प्रत्यक्षात जगभर अशा असंख्य स्त्रिया आई झाल्या.

अमेरिका आणि कॅनडात मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या २,१२६ स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पती-पत्नींपैकी कुणीही लस घेतली तरी दिवस राहण्यात फरक पडला नाही. उलट पुरुषाला कोरोना होऊन गेला असेल तर पुढचे काही आठवडे दिवस राहण्याची शक्यता थोडी कमी झालेली दिसली. म्हणजे धोका होता तो रोगाचा.

लसीला काहीच दुष्परिणाम नसतात, असे आम्ही म्हणत नाही. ताप येतो, दंड दुखतो. मासिक पाळी सरासरी एखाद्या दिवसाने पुढे गेल्याचेही अभ्यासात दिसले. ती पुढच्या महिन्यांत पूर्ववत झाली. कोविशील्डच्या जातीच्या लसीने क्वचित कुणाच्या रक्तात गाठी झाल्या, आणि ही गोष्ट उत्पादक कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयातही मान्य केली. ज्या बाईला पाळीत फरक जाणवला तिला डॉक्टरांनी नीट उत्तर दिले असते तर तिच्या मनात अफवेला जागा मिळाली नसती. खरे दुष्परिणाम दडवले की खोट्यांचे फावते.

राहिली मुलींच्या कर्करोगाची लस. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाने या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रिया आजारी पडतात आणि सुमारे ऐंशी हजार दगावतात. मरतात त्या बहुतेक गरीब, ज्यांची कधी तपासणीच झालेली नसते. हा रोग एका विषाणूमुळे होतो आणि लस त्या विषाणूला अडवते. केंद्र सरकारने २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी या लसीला प्रोत्साहन देण्याचे जाहीर केले. अमेरिकेत सुमारे दोन लाख मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१८ साली निष्कर्ष आला की या लसीचा अंडाशय निकामी होण्याशी संबंध नाही. आणि हा कर्करोग झालाच तर उपचार काय? गर्भाशय काढणे किंवा किरणोपचार. तेव्हा कूस खरोखरच जाते. त्या आईला आमचे सांगणे आहे: ताई, ही लस तुमच्या लेकीची कूस वाचवणारी आहे.

आता आमच्या पदवीधर मित्राचे म्हणणे घेऊ. आपल्या घरांत मुले कमी होत आहेत, हे त्याचे निरीक्षण खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ साली बौद्ध स्त्रीमागे सरासरी २.२५ मुले होती. २०१५-१६ साली ती १.७४ झाली आणि २०१९-२१ च्या पाहणीत १.३९. देशातील सर्व धर्मसमूहांत हा आकडा सर्वांत कमी आहे, हिंदूंचा १.९४ आणि मुस्लिमांचा २.३६ आहे. देशातील चार बौद्धांपैकी तीन महाराष्ट्रात राहतात. म्हणजे हा आकडा मुख्यतः आपलाच आहे.

पण तारखा पाहा. महाराष्ट्रातील ही पाहणी २०१९ च्या उत्तरार्धात झाली, आणि तिच्यात मोजले गेले ते त्याआधीच्या तीन वर्षांतले जन्म. कोरोनाची लस देशात सुरू झाली १६ जानेवारी २०२१ रोजी. जी लस जन्माला आली नव्हती तिने आपली मुले कशी घटवली? नगर जिल्ह्याचेच घ्या. १९९१ ते २००१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढली. पुढच्या दशकात फक्त साडेबारा टक्क्यांच्या आसपास. तेव्हा कोरोनाही नव्हता आणि त्याची लसही नव्हती.

मग मुले कमी का झाली? मुली शिकल्या म्हणून. लग्नाचे वय वाढले म्हणून. आणि झालेले मूल जगेल अशी खात्री वाटू लागली म्हणून. या शेवटच्या कारणात मात्र लसीचा हात आहे, आणि नेमका इथेच अफवावाल्यांनी शब्दांचा खेळ केला आहे. २०१० साली बिल गेट्स यांनी एका भाषणात म्हटले होते की लसी, आरोग्यसेवा आणि संततिनियमनाच्या सोयी चांगल्या पोहोचल्या तर लोकसंख्येची वाढ दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होईल. लगेच बोभाटा झाला: पाहा, लसीने माणसे मारणार! त्या वाक्याचा अर्थ समजून घ्यायला अमेरिकेला जायची गरज नाही. तो आपल्या जामखेडला समजतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी तालुका, पाण्याचे हाल, आणि जातीची विहीर वेगळी. त्यांनी हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला. पाणी हवे असेल तर सवर्णांनी तिथे यावे. गावची आरोग्यसेविका म्हणून त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या अनेक जणी दलित होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्याच बाया सवर्णांच्या घरात बाळंतपणाला आणि लेकरांना लस टोचून घ्या म्हणून सांगायला जाऊ लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे सुरुवातीला हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत आणि जन्मदर हजारी ४० होता. पंचवीसेक वर्षांत बाळांचे मृत्यू हजारी पंचवीसच्या आसपास आले आणि जन्मदर निम्म्यावर आला. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यातला कार्यकारणभाव नीट पाहा. चार लेकरे झाली तर दोन जगतील, या हिशेबाने आपल्या आज्या सात-सात बाळंतपणे सोसत होत्या. दोन झाली आणि दोन्ही जगली, तर तिसऱ्याची सक्ती बाईला कशाला? लसीने लेकरू वाचते आणि आईच्या हाती निवड येते. कूस तिची तिच्याजवळच राहते.

आणि ही निवड आईच्या हाती असावी, हा विचार आपल्याला कुणा परदेशी धनिकाने शिकवलेला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो मांडणारे प्रभाकर जनार्दन रोहम हे स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य, आणि त्यांचा मतदारसंघ अहमदनगर दक्षिण! विचार बाबासाहेबांचे होते. ते भाषण त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात छापलेले आहे. सरकारने जनतेत संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याच्या सोयी पुरवाव्यात, एवढीच मागणी होती. बाळंतपणांनी खंगणारी बाई बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर होती. सभागृहाने तो ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला. त्याआधी १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मधील लिखाणासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतले होते. प्रचार करा, सोयी द्या, आणि निर्णय बाईवर सोडा, ही आपली परंपरा आहे.

याच्या अगदी उलट परंपरा या देशातील राज्यकर्त्यांची आहे, आणि भीतीचे मूळ तिथे आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कोटा पुरा करण्यासाठी कुणाला धरून नेले? भूमिहीन मजुराला, झोपडपट्टीतल्या माणसाला, रेशनसाठी आणि नोकरीसाठी लाचार असलेल्याला. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे पहिले विधिमंडळ याच महाराष्ट्राचे होते, साल १९७६. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढेच. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि डझनभराहून अधिक बाया मेल्या. त्या कुणाच्या लेकी होत्या? दलितांच्या, आदिवासींच्या, मागासवर्गीयांच्या. अशी शिबिरे बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली सांगावे लागले.

लसीच्या नावाखालीही अन्याय झालेला आहे, तोही आम्ही लपवणार नाही. २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत याच कर्करोगाच्या लसीचा प्रकल्प राबवला गेला. खम्ममच्या आश्रमशाळांतील अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या. सात मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी बहुधा संबंध नव्हता, असे चौकशीत आढळले. पण संमतीचा जो खेळ झाला त्यावर संसदेच्या समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. गरोदरपण रोखणाऱ्या लसीचे संशोधनही दिल्लीत झाले होते. डॉ. तलवार यांच्या त्या प्रयोगात १४८ स्त्रिया होत्या, त्याचा अहवाल १९९४ साली छापून आला, आणि लस वाहून नेण्यासाठी धनुर्वाताच्या लसीतला घटक वापरला होता. तेवढ्या धाग्यावरून धनुर्वाताच्या साध्या इंजेक्शनने बाया वांझ होतात अशी अफवा केनियापर्यंत गेली. ती प्रयोगातली लस वापरात कधीच आली नाही, आणि तिचा परिणामही काही महिन्यांत ओसरत असे.

म्हणजे संशयाला इतिहास आहे. पण संशयाची दिशा चुकली तर खरा चोर सुटतो. कूस कुठे लुटली जाते ते पाहायचे असेल तर पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या शिवेपलीकडे बीड जिल्ह्यात पाहा. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको कोयत्यावर जातात. पाळीत बाईने खाडा केला तर दंड कापला जातो. मग पोटात दुखले की खासगी डॉक्टर पिशवी काढायला सांगतो. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांना कोणत्याही लसीने वांझ केले नाही. कर्ज, खाडा आणि नफेखोर डॉक्टरकी यांनी केले. या बायांचा ऊस नगर जिल्ह्यातील कारखान्यांतही गाळला गेला आहे. त्यावर किती मोर्चे निघाले? आणि २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे साडेआठशेच्या आसपास मुली होत्या. उरलेल्या कुठे गेल्या? सोनोग्राफीच्या खोलीत गेल्या. लोकसंख्येची काळजी करणाऱ्यांनी त्या खोलीकडे कधी बोट दाखवले?

सत्ताधाऱ्यांचा हिशेब तर वाऱ्याप्रमाणे फिरतो. महाराष्ट्राने सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला पंचायतीच्या निवडणुकीतून बाद ठरवणारा नियम केला. नुकत्याच पंचायतीत पोहोचलेल्या दलित, आदिवासी बाईला त्याचा पहिला फटका बसला. मूल किती हे घरात तिच्या हाती नव्हते, शिक्षा मात्र तिला. आणि १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले की किमान तीन मुले हवीत! काल दोन पुरे, आज तीन हवीत. बाईला विचारले कुणी? आणि आमचा तरुणही जेव्हा 'आपली संख्या घटतेय' म्हणून आयांना लस नाकारायला सांगतो, तेव्हा तोही नकळत तीच भाषा बोलतो. समाजाची ताकद बायांच्या बाळंतपणांत मोजायची ही भाषा मनूची आहे, आपली नव्हे.

संख्येचीच चिंता असेल तर तिचे काम वेगळे आहे. राज्याच्या लोकसंख्येत बौद्धांचे प्रमाण २००१ साली ६ टक्के नोंदले गेले आणि २०११ साली ५.८ टक्के. यात जन्मदराइतकाच नोंदणीचाही प्रश्न आहे. किती घरांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलेच नाही? २०२७ च्या जनगणनेसाठी घरोघर जा, रकाना तपासा. ते काम सोडून लसवाल्या आशाताईला वस्तीच्या तोंडावर अडवण्यात कसली चळवळ?

१८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्यांचे अध्यापनाचे शिक्षण याच नगरला मिस फरार यांच्याकडे झाले होते. साथीच्या काळात दार लावून न घेता वस्तीत जाणारी ही आपली माणसे आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. लस येईल त्या दिवशी त्या आईसोबत तुम्ही केंद्रावर जा. कोणती लस, कशासाठी, त्रास झाला तर कुठे जायचे, हे मराठीत सांगायला लावा. सही आईबापांचीच घ्या. वॉर्डनची, सरपंचाची नको. कुपीचा क्रमांक लिहिलेला कागद घरी जपून ठेवा. त्रास झालाच तर नोंद करायला लावा आणि नोंद होईपर्यंत उठू नका. विहारात महिन्याला एक बैठक आरोग्याची घ्या आणि आपल्याच समाजातील डॉक्टर, परिचारिकांना बोलवा.

आणि त्या आईला एवढेच सांगा: लेकीला लस द्या, तिला शिकवा. पुढे तिला मूल हवे की नको, हवे तर केव्हा, हे ती शिकलेली लेक स्वतः ठरवील. १९३८ साली नगरच्या प्रतिनिधीने सभागृहात मागितले होते ते हेच.